घरी जाऊन पेशंट सांभाळणाऱ्यांची सुरक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, नांदेड, बीड, परभणीकडच्या मावश्या, सिस्टर, ब्रदर आणि आशाताई जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप म्हणून येतात, तेही रात्री ड्युटी संपल्यावर. विचारणाऱ्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी नर्स नाही. घरोघरी माणसं पाठवणाऱ्या ब्युरोकडून जाते आणि आजीला सांभाळते. हे सगळं माझ्यासाठी आहे का?

हो. रक्त, जड शरीर आणि ओली फरशी तुमचं सर्टिफिकेट बघत नाहीत. दवाखान्यात पलंग वरखाली होतो, हाक मारली की वॉर्डबॉय येतो, सुया टाकायला डबा असतो. घरात यातलं काहीच नसतं. शेजारच्या खोलीत एखादा नातेवाईक असतो आणि त्याला वाटतं, आपल्या घरात कसला आलाय धोका! त्यामुळे पेशंटच्या घराकडे कामाची जागा म्हणून बघायची सवय आधी तुम्हालाच लावून घ्यावी लागते.

२. नव्या घरी पहिल्या दिवशी काय काय बघायचं? विचारलं तर घरच्यांना राग येतो.

पगार, वेळ आणि जेवणाचं बोलणं चालू असतं, त्याच बैठकीत विचारा. तेव्हा ती चौकशी वाटते. आठ दिवसांनी तेच विचारलं की तक्रार वाटते.

पेशंट पलंगावर आहे की बाजेवर? संडास घरात आहे की अंगणापलीकडे? मेन स्विच कुठे आहे? कुत्रा बांधलेला असतो का? पेशंटला कोणता आजार आहे, कोणाच्या अंगावर कधी धावून गेलाय का, आधीची बाई का सोडून गेली? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना घरचे एकमेकांकडे बघायला लागले, तर पुढची चौकशी जरा नेटाने करा. माळवदाच्या जुन्या वाड्यात उंबरठे उंच, दारं बुटकी आणि आत उजेड कमी. तिथे पेशंटला धरून नेताना आपलंच कपाळ चौकटीवर आपटतं. जाण्यायेण्याची वाट दिवसाउजेडी एकदा रिकाम्या हाताने चालून बघा.

बीड आणि धाराशिवच्या गावांत आणखी एक गोष्ट विचारावी लागते. दिवाळीच्या सुमारास कर्ती माणसं ऊसतोडीला जातात आणि घरी म्हातारं माणूस आणि शाळेतलं लेकरू उरतं. रात्री दोन वाजता कोणाला बोलवायचं? फडावर असलेल्या मुलाच्या नंबरासोबत गल्लीतल्या एका शेजाऱ्याचाही नंबर घ्या. त्या शेजाऱ्याशी घरच्यांसमोरच दोन शब्द बोलून ठेवा.

३. पेशंट ऐंशी किलोचे आहेत आणि मी एकटी. पाठ लई दुखायलीय. उचलायची काही पद्धत आहे का?

पूर्ण वाढ झालेल्या माणसाला एकट्याने उचलायची सुरक्षित पद्धत नाही. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या निऑश या संस्थेने पेशंट हाताने उचलण्यासाठी सुमारे १६ किलोची मर्यादा सुचवली आहे. म्हणजे अंथरुणातून अर्धवट उठवतानाही आपण ती कधीच ओलांडलेली असते. कमरेचा पट्टा बांधल्याने ताकद वाढत नाही, उचलता येईल असं उगाच वाटतं. म्हणून उचलणं टाळायचं आणि सरकवायचं, वळवायचं.

पेशंटच्या खांद्यापासून मांडीपर्यंत एक जाड चादर आडवी दुमडून कायम घालून ठेवा. कूस बदलताना पेशंटचा पलीकडचा गुडघा वाकवा, हात छातीवर घ्या आणि चादर धरून आपल्याकडे वळवा. वर सरकवायला दोघं लागतात. दोन बाजूंनी चादर अंगाजवळ मुठीत धरायची, पेशंटला हनुवटी छातीला लावायला सांगायची आणि मोजून एकाच वेळी सरकवायचं. पेशंटच्या एका पायात जोर असेल तर त्याला टाच रोवून ढकलायला सांगा. पुष्कळ मावश्या हे विचारतच नाहीत आणि पेशंट करू शकतो तेवढंही स्वतःच करत बसतात.

बाज ही खरी अडचण आहे. ती बुटकी असते, मध्ये झोळ पडतो आणि प्रत्येक वेळी कंबरेतून वाकावं लागतं. वरखाली होणारा पलंग बऱ्याच शहरांत भाड्याने मिळतो. ते परवडत नसेल तर साधा लाकडी पलंग तुमच्या कंबरेच्या उंचीपर्यंत पक्क्या लाकडी ठोकळ्यांवर चढवून घ्या आणि ठोकळ्याला पाय बसेल अशी खोबण करून घ्या. सुट्या विटांवर चढवू नका, पेशंटला वळवताना पाय निसटतो. पेशंट स्वतः उठणारा असेल तर मात्र उंच पलंगावरून पडायची भीती असते, तेव्हा हा उपाय अंथरुणाला खिळलेल्यांसाठीच.

काखेत हात घालून ओढू नका. लकवा झालेल्या बाजूचा हात तर मुळीच नको. पेशंटचा खांदा निखळतो आणि तुमचा मणका जातो. दुखणं पायात उतरलं, मुंग्या आल्या किंवा लघवीवरचा ताबा गेल्यासारखं झालं, तर मालिशवालीकडे न जाता त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

४. चालवताना पेशंट पडायला लागला तर धरायचं का सोडायचं?

दोन्ही नाही. त्याला आपल्या अंगाला टेकवून, आपला एक पाय पुढे घेऊन, मांडीवरून हळूहळू जमिनीवर बसवायचं. डोकं आपटू द्यायचं नाही, बाकी शरीर खाली जाऊ द्यायचं. बसल्यावर एकटीने उठवू नका. उशी द्या, पांघरूण घाला आणि माणूस बोलवा.

५. चप्पल दारातच काढायला लावतात. अनवाणीच काम करावं लागतं.

घराची रीत मोडायची गरज नाही. घरात वापरायची रबरी, न घसरणारी वेगळी चप्पल पिशवीत न्या आणि पहिल्या दिवशी धुतलेली दाखवा: 'ही फक्त आतल्यासाठी.' एवढं केल्यावर सहसा कोणी अडवत नाही. न्हाणीत साबणाचं पाणी, कडाप्पा घासून गुळगुळीत झालेला आणि हातात पेशंट, तिथे अनवाणी उभं राहणं म्हणजे दोघांच्या हाडांशी खेळ आहे. खाली पडलेली सुईही अनवाणी पायालाच लागते.

६. इन्सुलिन देताना सुई बोटात गेली. आता काय?

आधी जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, बोट तोंडात घालू नका, त्यावर डेटॉल किंवा ब्लिच ओतू नका. रक्त डोळ्यात उडालं असेल तर डोळा नुसत्या स्वच्छ पाण्याने धुवत राहा. मग वेळ लिहून ठेवा आणि निघा.

जिल्हा रुग्णालय किंवा जवळचं सरकारी मेडिकल कॉलेज गाठा. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड, जे जवळ असेल ते. अपघात विभागात सांगा, 'पेशंटची वापरलेली सुई टोचली आहे.' एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं शक्य तर दोन तासांत सुरू करायची असतात. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. कोर्स २८ दिवसांचा असतो. औषध द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही घरी बसून ठरवू नका. एचआयव्हीबद्दल फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत नंबर आहे.

आता घाबरलेल्यांसाठी थोडा हिशेब. एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली तरी लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. कावीळ बी मात्र फार चिवट. लस न घेतलेल्याला तिचा धोका शंभरात तीसपर्यंत जाऊ शकतो. बीवर लस आहे, तिचे तीन डोस असतात: पहिला, एका महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. लस न घेता सुई टोचली असेल, तर लसीबरोबर एक वेगळं इंजेक्शन शक्य तर २४ तासांत द्यावं लागतं, तेही डॉक्टरांना विचारा. कावीळ सीवर लस नाही, पण औषधाने ती बरी होते. म्हणून तिच्या तपासण्या पुढे काही महिने सांगितल्या तारखांना कराव्या लागतात आणि नेमक्या त्याच लोक चुकवतात.

घरी जाणाऱ्या प्रत्येकाने बी लसीचे तीनही डोस घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्युरोने खर्च दिला तर उत्तम, नाही दिला तरी घ्या.

७. वापरलेल्या सुया कुठं टाकायच्या? घरचे म्हणतात कचऱ्यात टाक.

सुईला पुन्हा टोपण बसवू नका, टोचण्याचे प्रकार तिथेच होतात. जाड प्लॅस्टिकचा झाकणाचा डबा घ्या. फिनाईलची रिकामी बाटली चालते, पाण्याची पातळ बाटली चालत नाही. वर 'सुया' असं मोठ्या अक्षरांत लिहा. डबा पाऊणभर झाला की झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पेशंट जिथे दाखवतात त्या दवाखान्यात विचारून जमा करा. शहरात घंटागाडीवाल्याला देताना तोंडाने सांगून वेगळा द्या. तोही तुमच्यासारखाच हातांनी काम करतो. चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका.

८. आमच्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी येतंय. 'वाहत्या पाण्याखाली हात धुवा' कसं जमावं?

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरजवळ बसून 'नळ सोडून ४० सेकंद हात धुवा' असं लिहायला मलाही अवघड जातं. तोटी असलेली बादली किंवा कॅन ठेवा. ती नसेल तर एकाने तांब्याने बारीक धार धरायची. हात ओले करून धार बंद, साबण चोळायचा, मग पुन्हा धार. एका तांब्यात काम होतं. बादलीत हात बुडवून धुणं आणि तेच पाणी पुढच्याने वापरणं, एवढं मात्र बंद करा.

दोन कामांच्या मध्ये हात दिसायला स्वच्छ असतील तर अल्कोहोलचं सॅनिटायझर पुरतं, पण सुकेपर्यंत २० ते ३० सेकंद चोळा. हाताला शी, उलटी किंवा रक्त लागलं असेल, पेशंटला जुलाब असतील, तर सॅनिटायझरवर भागवू नका, साबण आणि पाणीच हवं. हातमोजे घातले तरी काढल्यावर हात धुवायचे असतात. पाणी वाचवायचं असेल तर आधी पोछा आणि अंगणातला सडा कमी करा, हे घरच्यांना सांगायला लाजू नका.

९. पेशंटला टीबी आहे हे घरच्यांनी महिनाभर लपवलं. आता मला पण झाला असंल का?

लगेच तसं धरू नका. आधी विचारा: टीबी फुफ्फुसाचा आहे की दुसरीकडचा, आणि उपचार कधी सुरू झाले? मणक्याचा किंवा गाठीचा टीबी सहसा पसरत नाही. फुफ्फुसाचा असेल तर योग्य औषधं नियमित सुरू झाल्यावर काही आठवड्यांत पसरण्याचा धोका बराच उतरतो. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत तो जास्त काळ राहतो, तिथे डॉक्टरांना विचारूनच काम करा. तुम्हाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजन घटणं असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते.

ड्युटी चालू ठेवणार असाल तर खिडकी आणि दार समोरासमोर उघडं ठेवा. पेशंटने साधा मास्क लावायचा आणि तुम्ही एन-९५. उलटं करू नका. जेवण त्या खोलीबाहेर घ्या.

१०. मग पेशंटला एचआयव्ही आहे का, हे विचारायचा हक्क मला आहे का?

आपल्याला एचआयव्ही आहे का, हे सांगायला पेशंट बांधील नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतो. त्याच कायद्याने आरोग्यसेवा देणाऱ्या संस्थेवर कर्मचाऱ्याला सुरक्षेची साधनं, प्रशिक्षण आणि सुई टोचल्यास प्रतिबंधक औषध देण्याची जबाबदारीही टाकली आहे. ब्युरोकडून ते मागा. पेशंट कोणीही असो, रक्ताला हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही, एवढं पाळलं तर हा प्रश्न विचारायची वेळ फारशी येत नाही. टीबी आणि खरूज हवेतून किंवा नुसत्या स्पर्शाने लागतात, तिथे माहिती मागणं रास्त आहे.

११. हाताला रात्री खाज सुटायलीय. पेशंटलापण आहे.

बोटांच्या बेचक्यात, मनगटावर आणि बेंबीजवळ बारीक पुळ्या असतील तर खरूज असू शकते. लागण झाल्यावर पहिल्या वेळी खाज सुटायला दोन ते सहा आठवडे जातात. तोवर तुम्ही ती घरी लेकरांना दिलेली असू शकते. डॉक्टरांनी दिलेलं मलम मानेखाली सगळ्या अंगाला लावायचं, सांगितल्याप्रमाणे पुन्हा लावायचं आणि दोन्ही घरच्या सगळ्यांनी एकाच दिवशी उपचार घ्यायचे. एकटीने घेतले तर ती फिरून येते. यात अस्वच्छपणाचा काही दोष नाही.

१२. पेशंटचं केमो चालू आहे, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला जाऊन आले की मीच सगळं बघते. काही धोका?

आहे, पण आवरता येण्याजोगा. केमो घेतल्यावर साधारण ४८ तास लघवी, शी आणि उलटीत औषधाचा अंश असतो. काही औषधांत त्याहून जास्त, म्हणून बार्शी असो की छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, सुट्टी देतानाच तिथे विचारून घ्या. या काळात हातमोजे घाला, भांडं ओतताना शिंतोडे उडू देऊ नका, भरपूर पाणी टाका. खराब कपडे वेगळे धुवा. केमोच्या गोळ्या कुटून देऊ नका, कॅप्सूल फोडू नका. गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल तर हे काम दुसऱ्याला द्या. गरोदर बाईने प्रश्न ३ मधलं सरकवणंही एकटीने करू नये.

१३. ऑक्सिजनच्या मशीनजवळ सासूबाई निरांजन लावतात. सांगितलं तर म्हणतात देवाचं आहे.

देवाचं खरं, पण त्या खोलीत नको. मशीनमधला ऑक्सिजन चादरीत आणि केसांत साठून राहतो आणि ठिणगी पडली की कापूस झपाट्याने पेटतो. निरांजन, उदबत्ती, चूल, गॅस आणि आजोबांची विडी पेशंटपासून किमान दहा फूट लांब, शक्यतो दुसऱ्या खोलीत. मशीन बंद केल्या केल्या काडी ओढू नका. नाक कोरडं पडतं म्हणून लोक व्हॅसलीन किंवा तूप लावतात. तेही नको, पाण्याचा अंश असलेलं मलम डॉक्टरांकडून घ्या. सिलिंडर असेल तर उभा आणि साखळीने बांधलेला. आरती देवघरात करून पेशंटला नुसता अंगारा आणून लावायचा, हा तोडगा बहुतेक सासूबाईंना पटतो.

१४. कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात. घरचे म्हणतात 'थोडा शॉक चालतो'.

थोडा शॉक चालत नाही. लोखंडी कूलर, खालचं सांडलेलं पाणी आणि अर्थिंग नसलेला बोर्ड यांनी मराठवाड्यात दर उन्हाळ्यात जीव जातात. पत्र्याच्या खोलीत तर तुटकी वायर पत्र्याला टेकली की पूर्ण भिंतीत करंट उतरतो. आकडा टाकलेली लाईन असेल तर त्या घरात अर्थिंगची आशाच सोडा.

पाणी भरायच्या आधी बटन बंद आणि पिनही बाहेर. हात कोरडे, पायात रबरी चप्पल (पाहा प्रश्न ५). हवेच्या गादीचा पंप, सक्शन आणि नेब्युलायझर एकाच एक्स्टेंशनवर आणि तो बोर्ड पलंगाखाली, असं असेल तर लघवीची पिशवी गळण्याची वाट बघू नका, बोर्ड भिंतीवर टांगून घ्या. घरात ३० मिलिॲम्पिअरचा ईएलसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारं बटन) बसवायला सांगा. ते काम इलेक्ट्रिशियनच्या एका फेरीत उरकतं. कोणी चिकटलं तर हात लावू नका, मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला करा आणि १०८ लावा.

१५. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बारा तास. चक्कर येते.

परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या पुढे गेला की पत्र्याखाली त्याहून जास्त तापतं. तहान लागायच्या आधी पाणी प्या. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे तुम्ही मागे पडलात. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात कालवायची, अर्धी पुडी अंदाजाने नाही. अंघोळ घालणं आणि गादी बदलणं सकाळी दहाच्या आत उरका. चक्कर, गोळे येणं इथवर असेल तर सावलीत बसा. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, तर तो उष्माघात समजा: अंगावर पाणी, वारा आणि १०८. हे पेशंटलाही लागू आहे.

१६. रात्रपाळीत पेशंटजवळ जमिनीवरच झोपते. आखाड्यावर, म्हणजे शेतात घर आहे. सापाची भीती वाटते.

भीती बरोबर आहे. मण्यार रात्री फिरते, उंदरांच्या मागे घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. तिच्या दंशाने फारसं दुखत नाही, खूण दिसतेच असं नाही. पहाटे पोटात दुखतं, मळमळतं, मग पापण्या जड होतात, बोलता-गिळता येत नाही, श्वास अडतो. आखाड्यावर झोपलेल्या माणसाचं पहाटेचं पोटदुखणं ॲसिडिटी समजून सोडू नका.

पलंग किंवा बाज मागा. देता येत नसेल तर गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी सक्तीची. उशाशी बॅटरी. अंगणात जाताना पायात बूट, पुढे उजेड. धान्याची पोती आणि सरपण झोपायच्या खोलीत नको.

चावलं तर घट्ट आवळून बांधू नका, चिरा मारू नका, लिंबाचा पाला खाऊन कडू लागतो का ते बघत बसू नका, देवळात नेऊ नका. अवयव हलू न देता ग्रामीण रुग्णालयात जा, तिथे सापाच्या विषावरची लस असते. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. विंचू चावला आणि दरदरून घाम, उलटी किंवा हातपाय गार पडले तरी तसंच पळा. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडतं हे दाखवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले. काम त्यांनी महाडला केलं, फायदा सगळ्यांना झाला.

१७. वस्तीवरचं कुत्रं नुसतं ओरखडलं. इंजेक्शन घ्यावं लागतं का?

कातडी सोलली असेल तर हो. साबण आणि पाण्याने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. चुना, तिखट, हळद लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, लस मोफत आहे. रक्त आलं असेल तर जखमेत आणखी एक इंजेक्शन लागतं, ते मागून घ्या. पुढचे डोस कार्डावरच्या तारखांनाच. पाळीव आहे, लस दिलीय, असं मालक म्हणाला तरी स्वतःचा पहिला डोस चुकवू नका. पुढच्या भेटीआधी फोन करून कुत्रा बांधायला सांगा. बांधला नसेल तर फाटकाबाहेरूनच हाक मारा.

१८. तांड्यावर, शेतवस्तीवर एकटीला जावं लागतं. काळीपिवळी फाट्यावर सोडते, पुढं दोन किलोमीटर पायवाट.

जाताना आणि परतताना एका ठरलेल्या माणसाला निरोप द्या: कुठे, कोणाकडे, किती वाजता बाहेर पडणार. ठरल्या वेळी निरोप आला नाही तर त्याने फोन करायचा, फोन लागला नाही तर घरच्यांना विचारायचं, हेही आधी ठरलेलं असावं. ११२ हा नंबर पहिल्या बटनावर ठेवा. दुचाकीवर पदर-ओढणी खोचा, हेल्मेट घाला. शेवटची एसटी किती वाजता आहे हे माहीत असेल तर 'थोडं थांबा की' म्हणणाऱ्याला उत्तर देणं सोपं जातं.

मे-जून आणि परतीच्या पावसात विजेचा धोका मोठा असतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजेची सूचना देतं, ते घ्या. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात किंवा बंद जीपमध्ये थांबा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. झाडाखाली नको, एकट्या लिंबाखाली तर नकोच.

१९. आजोबा मारतात, चावतात. आजार आहे म्हणून सहन करायचं का?

आजार आहे म्हणून राग धरायचा नाही, पण मार खायचाही नाही. स्मृतिभ्रंशात माणूस बहुधा घाबरून मारतो: कोणीतरी अनोळखी बाई धोतर सोडतेय असं त्याला दिसतं. समोरून या, नाव घेऊन बोला, काय करणार ते आधी सांगा. वाद घालू नका. चिडले तर अंघोळ अर्ध्या तासाने. तुम्ही दार आणि पेशंट यांच्यामध्ये राहा, म्हणजे बाहेर पडायची वाट तुमच्या पाठीशी मोकळी राहते. मंगळसूत्र आत, कानातलं छोटं, विळी-अडकित्ता खोलीबाहेर. अचानक जास्त हिंसक झाले तर लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ किंवा नवीन गोळी कारण असू शकते, डॉक्टरांना कळवा. चावल्याने रक्त आलं तर प्रश्न ६. प्रत्येक प्रसंग तारखेसह वहीत लिहा, घरच्यांची सही घेतली तर चांगलंच.

२०. पेशंट नाही, पेशंटचा मुलगा त्रास देतो. मालकाच्या घरात कोण ऐकणार?

आजारी नसलेल्या माणसासाठी प्रश्न १९ मधली एकही सवलत लागू नाही. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाची जागा म्हणजे घरही येतं आणि कामानिमित्त भेट दिलेली जागाही. ब्युरोत दहा किंवा जास्त माणसं असतील तर तिथे अंतर्गत समिती हवी. नसेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास कार्यालयात मिळतो. तक्रार लेखी आणि तीन महिन्यांच्या आत करायची. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहून देण्यात मदत करणं हे समितीचं काम आहे.

पोलिसांकडे जायला समितीची वाट बघावी लागत नाही. हद्दीचं कारण सांगून कोणतंही ठाणं परत पाठवू शकत नाही. महिलांसाठी १८१ आणि तातडीला ११२.

आधी मात्र त्या घरातून बाहेर पडा. पेशंट एकटा असेल तर शेजाऱ्याला किंवा १०८ ला कळवून बाहेर पडा, म्हणजे 'पेशंट टाकून गेली' असं म्हणायला जागा राहत नाही. मेसेज आणि फोनची यादी पुसू नका. आणि हो, 'गावात नाव खराब होईल' हे वाक्य बहुधा ज्याचं नाव खराब व्हायला हवं त्याच्याच बाजूचं माणूस म्हणतं.

२१. घरचे म्हणतात सलाईन तूच लाव, इंजेक्शन तूच दे. नाही म्हटलं तर ब्युरो म्हणतो दुसरी पाठवू.

शिक्षण आणि नोंदणी नसेल तर शिरेतलं इंजेक्शन आणि सलाईन नाही, स्पष्ट नाही. काही बिघडलं तर 'मी सांगितलं होतं' असं म्हणायला घरचे उभे राहणार नाहीत. 'मला येत नाही' म्हणण्याऐवजी 'मला परवानगी नाही' म्हणा, त्यावर आग्रह कमी होतो. ब्युरोला हेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. पेशंटला जड श्वास, फिट किंवा बेशुद्धी असेल तर नकार देऊन थांबू नका, १०८ लावा.

२२. ड्युटीवर जाताना अपघात झाला, हात मोडला. पैसे कोण देणार?

ब्युरोत दहा किंवा जास्त कामगार असतील आणि तुमचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू होतो. उपचार आणि कामावर न जाता आल्याचा मोबदला त्यातून मिळतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत घर ते कामाच्या जागेपर्यंतच्या वाटेवरचा अपघातही धरला आहे, मात्र वेळ, जागा आणि कामाचा संबंध दाखवावा लागतो. प्रश्न १८ मधला 'निघाले, पोहोचले' हा निरोप इथे पुरावा म्हणून उपयोगी पडतो. ब्युरो म्हणेल, 'तू आमची कामगार नाहीस, आम्ही फक्त जोडून देतो.' पगार कोणाच्या खात्यातून येतो, ड्युटी कोण लावतो, याचे मेसेज घेऊन कामगार आयुक्त कार्यालयात जा.

थेट घरच्यांनी ठेवलं असेल तर वाट अवघड आहे. निदान बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा बीमा सुरू करा: वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख. मोडलेला हात बरा होणार असेल तर त्यात पैसे मिळत नाहीत, हेही लक्षात ठेवा. ई-श्रम कार्ड नसेल तर तेही काढून घ्या.

२३. बाथरूम धुवायच्या ॲसिडमध्ये ब्लिच टाकलं तर संडास लवकर साफ होतो म्हणतात. करू का?

नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद संडासात तो थेट छातीत जातो. एका वेळी एकच वापरा आणि दार उघडं ठेवा. रक्त सांडलं असेल तर आधी कागदाने टिपा, मग एक लिटर पाण्यात साधारण ३० ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर घालून ते दहा मिनिटं टाकून ठेवा आणि पुसा. द्रावण रोज नवीन करायचं. हातमोजे जाड रबरी घ्या, तपासणीचे पातळ मोजे या कामाला टिकत नाहीत.